भिंतीवरचं सातवं वचन, आणि त्याच्याखालचं नववं

पत्र

माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. १४ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी अंगणवाडीत काम करते, मुलगा बारावीला आहे, सासूबाई थकल्या आहेत. रात्री दर दोन तासांनी उठून यजमानांना कुशीवर वळवावं लागतं. सुरुवातीला मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, लोक रोज यायचे, आता कोणी फिरकत नाही. गेल्या महिन्यात घरी प्रार्थना ठेवली, तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, "घरात काही लपलेलं पाप असेल तर कबूल करा. आणि तक्रार करू नका, सर्वदा आनंदित असा असं वचन आहे." पाळकसाहेबांनी बायबलातल्या स्तोत्र ३१ मधलं सातवं वचन मोठ्या अक्षरात लिहून दिलं. 'तुझ्या दयेने मी हर्ष करीन' असं ते आहे. पलंगासमोरच्या भिंतीवर लावलंय, पण वाचलं की आनंद होत नाही, राग येतो. रविवारी गाताना घसा दाटून येतो. देवाची दया अढळ आहे हे मला ठाऊक आहे. पण तिच्यात आनंद करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

— एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

उत्तर

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, तुमचा विश्वास कमी पडत नाही. १४ महिने दर दोन तासांनी उठणारी बाई थकलेली असते. थकवा आणि अविश्वास आतून सारखेच वाटतात, म्हणून तुमची गल्लत होते आहे.

आता ते वचन. पाळकसाहेबांनी दिलं ते प्रेमानंच दिलं असणार, पण अर्धंच भिंतीवर आलं. शास्त्र, म्हणजे बायबल, उघडा आणि स्तोत्र ३१ पुरतं वाचा, २४ वचनं आहेत. सातव्या वचनात 'हर्ष करीन' म्हणणारा माणूस नवव्या वचनात म्हणतो की दुःखानं माझे डोळे क्षीण झाले आहेत. दहाव्यात त्याची हाडं झिजतात. अकराव्यात शेजारीपाजारी त्याला टाळतात, रस्त्यात दिसला की लोक दूर पळतात. बाराव्यात तो स्वतःला फुटक्या भांड्यासारखा म्हणतो. माणूस तोच, प्रार्थना तीच, मध्ये फक्त एक वचन. म्हणजे ज्याला आपण 'हर्ष' म्हणतो तो या माणसाच्या आसवांशेजारीच बसलेला आहे. आसवं संपल्यावर येणारा आनंद इथे कुणी मागितलेला नाही.

सातव्या वचनाचा दुसरा अर्धाही नीट पाहा. हर्ष का? 'कारण तू माझे दुःख पाहिले आहेस.' दुःख टळलं, यजमान चालू लागले, असं कारण दिलेलं नाही. पाहिलं, एवढंच. शिवाय मूळ हिब्रूतलं क्रियापद निश्चयाच्या रूपात येतं, 'हर्ष करीनच', 'करू दे मला हर्ष' असं. आत्ता मनात काय उसळतंय याचा तो अहवाल नाही. वाचल्यावर तुम्हाला आनंद होत नाही, म्हणून तुम्ही ते वचन मोडलेलं नाही.

'दया' हा शब्दही आपल्या कानाला थोडा चकवतो. आपल्याकडे दया वरचा खालच्यावर करतो, एकदाच करतो आणि निघून जातो. मूळ शब्द आहे 'हेसेद'. जुन्या करारात तो सुमारे २५० वेळा येतो, त्यातला जवळजवळ निम्मा स्तोत्रसंहितेत. या एका स्तोत्रातच तो सातव्या, सोळाव्या आणि एकविसाव्या वचनात आहे. नातं जोडलं म्हणून निभावण्याची माया, दिलेल्या शब्दाला जागणं, पाठ न फिरवणं, असा त्याचा पोत आहे. ताई, तुम्ही रात्री दोन वाजता उठून यजमानांच्या पाठीमागे उशी सरकवता, त्या कामाला हिब्रूत शब्द शोधला तर हाच सापडेल. देवाची अढळ दया कशी असते हे तुम्हाला कुणी वेगळं शिकवायला नको.

ही दया दुःखात कशी ओळखायची, यासाठी रूथचं पुस्तक वाचा. चारच अध्याय आहेत, दुपारी एका बैठकीत होतात. नामीचा नवरा गेला, दोन्ही मुलं गेली. बेथलेहेमला परतल्यावर ती बायकांना सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. सर्वसमर्थानं माझ्या वाट्याला फार कडू दिलं. तिला कुणी गप्प केलं नाही, आणि शास्त्रानंही ते वाक्य खोडलं नाही. मग तिची सून रूथ शेतात सरवा वेचायला जाते. संध्याकाळी झोडून मोजलं तर एफाभर सातू भरतो, आपल्या मापात साधारण २२ लिटरांचा डबा. आणि दुपारच्या जेवणातून उरलेले भाजलेले दाणे, आपल्या हुरड्यासारखे, तेही ती सासूसाठी बांधून आणते. ते पाहिल्यावर हीच नामी दुसऱ्या अध्यायाच्या विसाव्या वचनात म्हणते की जिवंतांवर आणि मेलेल्यांवर दया करायचं परमेश्वरानं सोडलं नाही. शब्द तोच, हेसेद. मुलं परत आली नाहीत. पदरात आला तो एका दिवसाचा सातू आणि मूठभर उरलेले दाणे. नामीला हेसेद तिथे दिसली, आणि तुम्हीही ती एवढ्याच आकारात शोधायची आहे. बहुतेक लोक फार मोठ्या आकारात शोधतात, म्हणून रिकाम्या हातानं परततात.

आता रोज काय करायचं ते.

रात्रीचं औषध देऊन झालं की १० ते १२ मिनिटं ठेवा. पहाटेची वेळ धरू नका; तुमची झोप आधीच फाटलेली आहे, तिच्यातून प्रार्थनेसाठी आणखी तुकडा काढलात तर आठवड्याभरात हेही सुटेल आणि अपराधी वाटण्याला एक नवं कारण मिळेल. स्तोत्र १३ हळू आवाजात वाचा. सहाच वचनं आहेत, मिनिटभरही लागत नाही. पहिल्या दोन वचनांत 'किती काळ' हा प्रश्न चार वेळा येतो. तुमचे चार 'किती काळ' वहीत लिहा. किती काळ यांना बोलता येणार नाही? किती काळ मी शेजारच्या बायकांना तेच तेच सांगू? मोजून चार. चारनं थांबायचं कारण असं की दुःखाला काठ लागतो. नाहीतर एक आठवण दुसरीला ओढते आणि रात्र जाते.

एक पथ्य मात्र कडक पाळा. प्रत्येक वाक्य देवाला 'तू' म्हणून लिहा. 'देवानं माझं असं केलं' असं लिहिलंत तर ते देवाविषयी झालं. 'तू असं का होऊ दिलंस' हे देवाशी झालं. रानात इस्राएल लोकांवर ठपका आला तो तंबूत बसून आपसात कुरकुर केल्याचा. पण स्तोत्रकर्त्या दाविदानं, यिर्मया संदेष्ट्यानं, ईयोबानं याहून तिखट शब्द थेट देवाच्या तोंडावर सांगितले, आणि ते आपण आज शास्त्र म्हणून वाचतो. दीडशे स्तोत्रांपैकी निदान एक तृतीयांश विलापाची आहेत. तक्रार करू नका असं सांगणाऱ्यांना हे माहीत नसतं, किंवा त्या पानांवरून ते भराभर पुढे जातात. तुमचा रागही इथेच आणा. तो भिंतीवरच्या कागदावर निघतो आहे, कारण त्याला दुसरी जागा मिळालेली नाही.

त्यानंतर एक मागणं, एकच, आणि उद्यापुरतं. 'यांना बरं कर' ही प्रार्थना जरूर करा, पण ती एकटीच ठेवलीत तर रोज संध्याकाळी तिचं उत्तर 'नाही' दिसतं आणि मन बधिर होतं. तिच्या जोडीला लहान मागणं ठेवा: उद्या फिजिओथेरपीला नेताना रिक्षा दारापर्यंत येऊ दे, उद्या मुलाचा पेपर नीट जाऊ दे.

मग स्तोत्र १३ चं पाचवं वचन, 'मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे'. म्हणवत असेल तर म्हणा. ज्या दिवशी म्हणवत नाही त्या दिवशी 'दावीद म्हणतो की' असं पुढे लावून वाचा आणि वही मिटा. यात लबाडी नाही. दुसऱ्याचा विश्वास उसना घेण्याबद्दल आपण खाली बोलणारच आहोत.

वहीच्या शेवटच्या पानापासून उलट दिशेनं दुसरी नोंद सुरू करा: रोज एक ओळ, त्या दिवशीचा सातू. त्यात वस्तू, माणूस किंवा वेळ असलीच पाहिजे. 'देव चांगला आहे' ही ओळ चालणार नाही, ती खरी असली तरी तिनं तुमचे डोळे कामाला लागत नाहीत. 'चारच्या सुमारास यांनी डाव्या हातानं स्वतः पेला धरला', 'दूधवाल्यानं पैसे पुढच्या महिन्यात द्या म्हटलं' अशा ओळी हव्यात. दोन चुका इथे हमखास होतात. एक, तुलनेची: 'अमुकचा नवरा तर गेलाच, माझा निदान आहे.' ही कृतज्ञता दुसऱ्याच्या दुःखावर उभी राहते आणि दोनच दिवसांत लाज बनून अंगावर येते. दुसरी, ओढूनताणून लिहिणं. काही दिसलं नाही तर तारीख घाला आणि पुढे आडवी रेघ ओढा. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात पहिली वीस वचनं अशाच रेघा आहेत. यरुशलेम जळून गेल्यानंतरचं ते रडणं. एकविसाव्या वचनात तो रडणारा कवी म्हणतो की हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे, आणि मगच ते प्रसिद्ध वचन येतं, करुणेला खंड पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते. रोज नवी होते, म्हणजे कालची आज पुरत नाही, आणि उद्याची आज मागायची नाही.

ही नोंद फक्त रविवारी दुपारी वाचा, सात ओळी एकदम. कुणाला दाखवू नका, आणि मंडळीत साक्ष द्यायला सांगितलं तरी इतक्यात तिच्यातलं काही सांगू नका. साक्षीसाठी लिहायला लागलात की ओळी सुंदर होतात आणि खोट्या पडतात.

आता त्या भगिनींच्या बोलण्याबद्दल, कारण तो काटा तुमच्या पत्रात सगळ्यात खोल रुतलेला दिसतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य हेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून पापाचा हिशेब मांडू लागले, आणि शेवटच्या अध्यायात देवाचा राग ईयोबाच्या मित्रांवर होतो, रडणाऱ्या ईयोबावर होत नाही. पुन्हा कुणी तसं म्हणालं तर वाद घालू नका. एवढंच म्हणा: "ताई, योहान नऊ, वचन तीन वाचू या का? मग माझ्यासाठी प्रार्थना करा." आणि खरोखर शास्त्र त्यांच्या हातात द्या.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण देतो, तुमच्यावर दडपण म्हणून नव्हे. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच पती पटकीनं गेले. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, आणि ते संपत आलं असताना १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईही गेल्या. छापील शास्त्र १९२४ साली आलं. या बाईच्या विश्वासात कुठे उणं होतं म्हणून हे घडलं, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आता तुमच्या शरीराकडे येतो. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो, त्याला पुन्हा झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. बोलणं नंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तुम्हाला आठवड्यातून निदान दोन रात्री सलग चार-पाच तास झोप मिळाली पाहिजे. कुशीवर वळवणं चुकवू नका, त्यानं पाठीला जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. पण हवेची गादी घेतल्यास रात्रीचं अंतर थोडं वाढवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून वाढवू नका. उपवास प्रार्थनेचा आग्रह झाला तर सध्या नाही म्हणा. आणि विश्वासानं गोळ्या बंद करा असं कुणी सांगितलं, तर रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करायची एकही गोळी थांबवायची नाही. प्रार्थना आणि गोळी यांचं भांडण नाही.

ही झोप मिळणार कशी? मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उकरून खाली सोडलं. येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला असं तिथे लिहिलं आहे. आजारी माणसाच्या विश्वासाची चौकशी कुणी केली नाही. तुम्हालाही चार माणसं हवीत. 'काही लागलं तर सांगा' म्हणणारे वीस असतील, त्यांतून चारच निवडा, आणि प्रत्येकाला एक काम नेमून द्या, वार आणि वेळेसकट. शनिवारी रात्री दहा ते तीन यजमानांजवळ बसायला एक. बुधवारी रात्री तसाच दुसरा, नात्यातला चालेल. महिन्यातून एकदा दवाखान्यात सोबत यायला तिसरा. आणि चौथी व्यक्ती अशी, जी येऊन फक्त स्तोत्र १३ वाचेल, प्रार्थना करेल आणि सल्ला न देता चहा पिऊन जाईल. लोक फिरकेनासे झाले ते बहुतेक वेळा काय करावं कळत नाही म्हणून. काम सांगितलं की येतात. ही यादी पाळकसाहेबांकडे द्या, त्यांनी मंडळीत सांगावं. तुम्ही एकेकाच्या दारी जाऊ नका.

आणि गाणं. रविवारी घसा दाटतो तर गाऊ नका, इतरांचं ऐकत उभ्या राहा. पण घरी एक करून पाहा. उजवी बाजू आणि वाचा एकदम गेली, म्हणजे इजा बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला आहे. अशा पुष्कळ रुग्णांना दोन शब्द जुळवून बोलता येत नाहीत, पण लहानपणापासून पाठ असलेलं गाणं सुरात धरलं तर त्यातले शब्द तोंडून येतात, कारण सूर आणि पाठांतर यांना मेंदूच्या दुसऱ्या बाजूचाही हात लागतो. यजमानांना संडे स्कूलपासून येणारं एक भजन निवडा, एकच कडवं. समोर बसा, म्हणजे त्यांना तुमचे ओठ दिसतील. त्यांचा डावा हात हातात घेऊन प्रत्येक अक्षराला गादीवर हलकी थाप द्या आणि नेहमीपेक्षा सावकाश गा. ओळीचा शेवटचा शब्द सोडून थांबा, दहापर्यंत मनात मोजा. शब्द आला तर पुढे जा, नाही आला तर तुम्ही म्हणा आणि तसंच पुढे जा. 'म्हणा ना, म्हणा' असा लकडा लावू नका, त्यानं ते बिथरतील. पाच मिनिटं पुरे, रोज तेच कडवं. सगळ्यांनाच हे साधतं असं नाही, आणि ही उपचारांची जागा घेत नाही; जिल्ह्याच्या ठिकाणी वाचाउपचार करणारे असतील तर त्यांना हे दाखवा. पण १४ महिन्यांत तुमच्या घरात दोघांनी मिळून केलेलं असं काही राहिलेलं नसेल, तर ही पाच मिनिटं मोठी आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दोन आठवड्यांहून अधिक दिवस कशातच मन लागत नसेल, झोपायला वेळ मिळूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, किंवा आपण नसलेलं बरं असा विचार येत असेल, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. मरणाचा विचार आलाच तर त्याच दिवशी करा, आणि घरात कुणाला तरी सांगा. देवदूताच्या हातची भाकर जशी देवाकडून आली, तशी ही मदतही.

आणि तो भिंतीवरचा कागद. काढू नका. खाली जागा असेल तर त्याच आकाराच्या अक्षरात नववं वचनही लिहा, 'हे परमेश्वरा, माझ्यावर कृपा कर, मी संकटात आहे' तिथपासून डोळे झिजल्याच्या शब्दांपर्यंत. मुलाचं अक्षर चांगलं असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या. त्याच्याही मनात यातलं बरंच असेल, आणि त्याला ते बोलायला कुणी विचारलेलं नसेल. पलंगावरून यजमानांना दोन्ही वचनं दिसतील एवढ्या उंचीवर लावा. महिन्याभरानं पुन्हा लिहा. आनंद झाला का, हे कळवायची गरज नाही. कोणतं कडवं निवडलं आणि यजमानांचा कोणता शब्द आला, ते कळवा.